शंभर किलोपर्यंत विनापरवाना

केंद्र सरकारचा माझ्यावर विश्वास आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ वाचले तर असे दिसते की एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी जवळ बाळगायला मला कसलाही परवाना लागत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. साताने गुणले की ९९.४ किलो होतात. म्हणजे ओट्याखाली चार, देवघराशेजारी दोन आणि पाहुण्यांच्या खोलीत एक असे सात सिलिंडर मांडले तरी या नियमांची माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही. आठवा आणला की मात्र मी धोकादायक इसम ठरते.

हा विश्वास खालच्या पातळीवर कुणी टिकवला नाही. गॅस एजन्सी दोनावर थांबते: एक चालू, एक भरलेला. आमची सोसायटी शून्यावर थांबते, कारण तिच्या लिफ्टमधून एकही न्यायचा नाही. आणि आमचे स्वयंपाकघर ज्याने काढले त्या इंटिरियरवाल्याच्या मते सिलिंडर ही वस्तूच अस्तित्वात नसावी, निदान दिसू तरी नये.

एकेक नियम सुटा घेतला तर त्यात खोट काढायला जागा नाही. सगळे शहाणपणाचे आहेत, काही तर माणसे गेल्यानंतर झालेले आहेत. तक्रार एवढीच की हे सगळे नियम एकाच वेळी, एकाच तीस किलोच्या लोखंडी वस्तूला लागू आहेत आणि ती वस्तू माझ्या घरात आहे.

लिफ्टपासून सुरुवात करू. आरशाखाली पाटी आहे: ‘लिफ्टमधून गॅस सिलिंडर नेण्यास सक्त मनाई. हुकमावरून.’ हुकूम कुणाचा हे लिहिलेले नाही, त्यामुळे तो मोडल्याबद्दल माफी कुणाकडे मागायची हेही कळत नाही. कारण मात्र रास्त आहे. बंद पेटी, गळका सिलिंडर आणि मध्ये अडकलेला माणूस हे कुणालाच नको. त्याच लिफ्टमधून रंगाऱ्यांचे थिनरचे डबे आणि जनरेटरच्या डिझेलचा कॅन जातो, पण त्यांच्याविषयी पाटी नाही, म्हणजे ते पेट घेत नसावेत.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. सिलिंडर घरपोच देण्याचा खर्च त्याच्या किमतीतच धरलेला असतो, आणि गोदामातून आपण स्वतः उचलून आणला तर तेवढी सूट मिळते. पाचव्या मजल्याला घर म्हणायचे की नाही याबद्दल मात्र मतभेद आहेत. टाकी आणणारे दादा खालून फोन करतात, ‘ताई, गेटवर ठेवलाय. कोड सांगा.’ हा कोड सिलिंडर खरोखरच ग्राहकाच्या हाती पडला याचा पुरावा म्हणून काढलेला आहे. तो चार आकड्यांचा असल्यामुळे पाच मजले एका श्वासात उतरतो. सिलिंडर तितक्या चपळाईने चढत नाही.

आता गेटवरच्या सिलिंडरने काय करावे? तिथेच थांबू नये, कारण वॉचमनच्या केबिनला लागून मीटरची खोली आहे. जिन्यात टेकू नये, कारण जिना ही आगीच्या वेळची सुटकेची वाट असून ती कायम मोकळी ठेवायची असते. लिफ्टमध्ये शिरू नये, हे तर आरशाखालीच लिहिले आहे. म्हणजे सगळे नियम पाळायचे झाले तर सिलिंडर गेटवर अंतर्धान पावून पाचव्या मजल्यावर प्रकट व्हायला हवा. तो होतोही. दुपारी दीड ते चार या वेळात कमिटी झोपलेली असते आणि याच वेळात तो वर येतो. कसा, ते मी विचारत नाही आणि दादा सांगत नाहीत. लिफ्टच्या तळाच्या पत्र्यावर गंजाची गोल वळी उमटलेली आहेत. त्यांच्यावर कमिटीने अजून नोटीस काढलेली नाही.

दारात आलेला सिलिंडर वजन करून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि वजनकाटा जवळ बाळगणे हे आणणाऱ्याचे काम. कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते, त्यात १४.२ मिळवायचे आणि काट्याशी ताडून पाहायचे. हिशेब तिसरीतल्या मुलाचा आहे. काटा गाडीत असतो. गाडी पुढच्या गल्लीत असते. पुढच्या गल्लीत विचारले तर ती मागच्या गल्लीत असते. मी आग्रह धरला तेव्हा दादांनी सिलिंडर एका हाताने चार बोटे उचलला, डोळे मिटले आणि ‘भरलेला आहे, ताई’ असा निकाल दिला. त्या निकालावर अपील नाही.

तारीख पाहण्याचा हक्क यापेक्षाही एकाकी आहे. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. ‘सी-२८’ असेल तर २०२८ चा सप्टेंबर संपायच्या आत त्या टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. ही गॅसची मुदत नाही, लोखंडाची आहे. समोरच्या काकू मात्र ती दुधाच्या पिशवीवरच्या तारखेप्रमाणे वाचतात आणि मुदत जवळ आलेली दिसली की भराभर डाळी शिजवून ठेवतात. मी एकदा मुदत उलटलेला सिलिंडर परत न्या म्हटले. दादांनी कड्यात डोकावून पाहिले आणि मला समजावले, ‘हे अक्षर सगळ्यांवरच असतं, ताई.’ ते खरेच होते.

मग प्रश्न येतो ठेवायचा कुठे. नियम सांगतात की सिलिंडर उभा, सपाट जमिनीवर, शेगडीपेक्षा खालच्या पातळीला असावा. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, भिंतीतून आरपार नेऊ नये, सबंध डोळ्यांसमोर असावी. बंद कपाटात टाकी ठेवू नये, आणि ठेवायचीच झाली तर त्या कपाटाला वर आणि जमिनीलगत हवा खेळायला जागा असावी. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण, ते हवेपेक्षा जड असते, गळाले की जमिनीवर पसरते आणि कोपऱ्यात साचून राहते. म्हणून झरोका खाली हवा. तळघरात टाकी ठेवायची नाही तीही याच कारणाने.

हे सगळे मी इंटिरियरवाल्याला वाचून दाखवले. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने ओट्याखाली टाकीसाठी शटर लावलेले कपाट केले, ग्रॅनाइटला भोक पाडून नळी त्यातून वर काढली आणि जमिनीलगत धूळ येऊ नये म्हणून फट लांबीने बुजवून टाकली. ‘मॅडम, आता सिलिंडर आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही,’ तो म्हणाला. अग्निशमन दलालाही कळणार नाही, हे त्याने सौजन्याने सांगितले नाही. शटर मी काढून ठेवले आहे. ते पलंगाखाली आहे. घरी येणारा प्रत्येक पाहुणा ओट्याखाली पाहतो आणि ‘काम अर्धवट राहिलंय का?’ असे विचारतो.

बिल्डरने ड्राय बाल्कनी दिलेली आहे. हवेशीर आहे, प्रशस्त आहे, टाकी तिथे अगदी सुखात राहिली असती. पण शेगडी भिंतीच्या अलीकडे आणि बाल्कनी पलीकडे, आणि साधी रबरी नळी भिंतीतून न्यायची नाही. त्यामुळे जिथे हवा आहे तिथे वॉशिंग मशीन आहे आणि जिथे हवा नाही तिथे टाकी आहे.

आता सोसायटीत पाइपचा गॅस येणार आहे. तो बहुतांश मिथेन, म्हणजे हवेपेक्षा हलका. गळाला तर छताकडे जातो. त्यासाठी झरोका वर हवा. मी आधीच खालचा झरोका उघडा ठेवण्यासाठी घरच्यांशी वैर धरले आहे. पाइपचे काम करणाऱ्या मुलांनी वरच्या बाजूला भोक पाडले आणि ते कधीही बुजवू नका असे बजावले. दुसऱ्या दिवशी तिथे कबुतर राहायला आले. घरच्यांनी आता तिकडे बोट दाखवून मला विचारले आहे की अंडी उबेपर्यंत तरी हा नियम शिथिल होऊ शकतो का.

वापराचेही नियम आहेत. घरगुती सिलिंडर घरगुती स्वयंपाकासाठीच वापरायचा, धंद्यासाठी नाही. धंद्याला १९ किलोचा वेगळा सिलिंडर असतो. पुरवठ्याबद्दलचा २००० सालचा आदेश यावर ठाम आहे आणि मागे जीवनावश्यक वस्तू कायदा उभा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या घरच्या नैवेद्याचे पहिले एकवीस मोदक कायदेशीर असतात. बाविसावा मोदक त्याच मोदकपात्रात, त्याच आचेवर उकडतो, पण तो गुन्हा असतो. वहिनींनी यावर उपाय काढला आहे. त्या नैवेद्याचे मोदक सर्वांत शेवटी उकडतात, म्हणजे नेमके कोणते एकवीस ते पंचनाम्यात सिद्ध होऊ नये.

मग तपासणी. दर पाच वर्षांनी एजन्सीचा माणूस येऊन शेगडी, नळी, रेग्युलेटर पाहून जाणे सक्तीचे आहे. नळीही पाच वर्षांनी बदलायची असते. आत तारेची जाळी असलेली ती नारिंगी नळी, तिच्यावर तारीख छापलेली असते. तपासनीस आले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच नळीकडे पाहिले आणि ‘ही बदलावी लागेल’ म्हणाले. मी नळीवरची तारीख दाखवली, मुदत बाकी होती. ‘मग लायटर घ्या,’ ते म्हणाले. त्यांच्या पिशवीत लायटर, बर्नरवर ठेवायची गॅस वाचवणारी जाळी आणि एक ॲप्रन होता. यांपैकी काहीही नको म्हटल्यावर त्यांनी कागद पुढे केला. त्यावर सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण आधीच होती. शटर, भोक, झरोका यांबद्दल मी बोलायला लागले तेव्हा त्यांनी पेन माझ्या हातात दिले. ‘विम्याला लागतं, मॅडम. सही करा.’

बनावट तपासनिसांपासून सावध राहा, असेही एजन्सी कळवते. असा एक आमच्याकडे येऊन गेला. त्याने शेगडी उलटी करून पाहिली, जोडांना साबणाचे पाणी लावले, रेग्युलेटर काढून आतला वॉशर बोटाने चाचपला आणि सासूबाईंना चालू-बंद करण्याची रीत समजावून सांगितली. इतकी मेहनत पाहून आम्हाला संशय आलाच. ओळखपत्र मागितल्यावर तो पसार झाला.

खऱ्या तपासनिसांच्या कागदावर सही कुणाची, हाही एक प्रश्न होता. गॅसचे कनेक्शन माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. सासरे आता नाहीत. नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची ना हरकत, पत्त्याचा पुरावा आणि मूळ कागदपत्रे लागतात. मूळ कागद कुठे ठेवले आहेत हे फक्त सासऱ्यांना माहीत होते. मध्यंतरी केवायसीची मोहीम निघाली तेव्हा एजन्सीतल्या मुलीने सांगितले की ग्राहकाचा चेहरा ॲपमध्ये दिसायला हवा, आणि डोळ्यांची उघडझाप व्हायला हवी. हॉलमध्ये त्यांचा हार घातलेला फोटो आहे. चेहरा स्पष्ट आहे, प्रकाश चांगला आहे. उघडझापेपाशी अडते.

गळती झाली तर काय करावे हेही ठरलेले आहे, आणि इथे नियम खरोखर सुंदर आहेत. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे अत्यंत घाणेरडे द्रव्य मुद्दाम मिसळतात. वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेचे कुठलेही बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, टाकीवर सुरक्षा टोपी बसवायची, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावायचा. यातली अडचण अशी की माणसाचे नाक पाच फुटांवर असते आणि गॅस फरशीवर. वास सगळ्यात आधी सासूबाईंना येतो, कारण त्या पोथी वाचायला खाली बसतात. त्यांच्या माहेरी गळती काडी ओढून शोधत. ती नेहमी सापडत असे.

त्यांनी हाक मारली की पुढे काय होते ते सांगते. दिवे लावून पाहू म्हणून कुणीतरी बटण दाबतो. वास जावा म्हणून कुणीतरी एक्झॉस्ट पंखा लावतो. वास जिन्यात पोचला की शेजारी सावध करायला धावत येतात आणि दारावरची बेल वाजवतात. बेल विजेवर चालते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कुणाचा गॅस?’ असा प्रश्न पडतो आणि त्याखाली अठ्ठावीस घरांतून ‘आमचा नाही’ असे उत्तर येते. १९०६ हा क्रमांक कुणाला आठवत नाही. तो सिलिंडरच्या पुस्तकावर छापलेला असतो आणि पुस्तक टाकीच्या मागे खोचलेले असते.

अग्निसुरक्षेबाबत सोसायटी उदासीन आहे असे कुणी समजू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. त्याला बी फॉर्म म्हणतात. आमचा फॉर्म वेळेवर जातो. जिन्यातली लाल नळकांडी पुसली जातात, त्यांच्या गळ्यात नवे कार्ड अडकवले जाते. ती चालवायची कशी हे कुणाला येते का, असा रकाना फॉर्ममध्ये असता तर त्यावरही खूण पडली असती.

अठ्ठावीस घरे, घरटी दोन सिलिंडर, प्रत्येकी १४.२ किलो. सगळे भरलेले धरले तर एका छपराखाली ७९५.२ किलो गॅस होतो. पण प्रत्येक घर शंभराच्या आत आहे, त्यामुळे कुणीही काहीही चुकीचे केलेले नाही. चौथ्या मजल्यावरच्यांनी वास्तुशांतीच्या होमासाठी परवानगी मागितली तेव्हा मात्र कमिटीने तीन अटी घातल्या: होमकुंडाशेजारी वाळूची बादली, गॅलरीची दारे उघडी आणि समिधा मोजक्या. भाद्रपदात महाप्रसादाला हीच कमिटी पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या गाड्यांच्या दोन रांगांमध्ये, १९ किलोचे पाच सिलिंडर लावून मसालेभाताची पातेली चढवते. तिथे वाळूची बादली नसते. विचारले तर सेक्रेटरी म्हणतात, ‘वहिनी, देवाचं काम आहे.’ होमही देवाचाच होता, पण तो एका घराचा होता.

मी कमिटीला रीतसर पत्र दिले. लिफ्टची पाटी काढावी आणि त्याऐवजी सिलिंडर सुरक्षा टोपीसह, सोबत एकाच माणसाने, दुसरे प्रवासी न घेता न्यावा असा ठराव करावा. महाप्रसादाच्या चुली गाड्यांपासून दूर, उघड्यावर मांडाव्यात. बेलच्या बटणाशेजारी ‘गॅसचा वास आल्यास दार ठोठवा’ असे लिहावे. आणि रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक घरात रेग्युलेटर बंद करावा. सभेत पत्र वाचले गेले. लिफ्टचा ठराव कायदेशीर सल्ल्यासाठी ठेवला. चुलींचा मुद्दा भावना दुखावतात म्हणून वगळला. बेलशेजारी काय लिहायचे यावर अर्धा तास चर्चा झाली, कारण ‘ठोठवा’ की ‘ठोठावा’ यावर एकमत होईना.

रेग्युलेटरबद्दल सेक्रेटरींनी विचारले, ‘केला बंद, तर कुणाला कळवायचं?’ मी म्हटले, कुणालाच नाही. ‘रजिस्टर?’ नाही. ‘सही?’ नाही. ‘काही शुल्क?’ तेही नाही. रात्री शेवटचे दूध तापवले की हात खाली न्यायचा आणि खटका फिरवायचा. नळी उंदराने कुरतडली तरी, शेगडीचे बटण अर्धवट राहिले तरी, टाकीतून काही बाहेर येत नाही. शंभर किलोच्या नियमापासून लिफ्टच्या पाटीपर्यंत जेवढे कागद आहेत, त्या सगळ्यांपेक्षा जास्त माणसे या एका खटक्याने वाचतील.

सभेने थोडा वेळ विचार केला. मग इतिवृत्तात नोंद झाली: ‘रेग्युलेटरबाबतची सूचना स्तुत्य आहे, तथापि तिची अंमलबजावणी झाली किंवा नाही याचा पुरावा ठेवण्याची सोय नसल्याने ती दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या.